रिकामा खिळा

खिळा नव्हता. प्रेमराज भारंबे सकाळी साडेसहाला धावपट्टीच्या टॉवरचा जिना चढून काचघरात आला, डबा कोपऱ्यात ठेवला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि सवयीने डावीकडे पाहिलं, तर भिंत कोरी. दुधी रंगाचा ताजा हात मारलेला, आणि जिथे एकोणीस वर्षं चार इंची खिळा होता तिथे लांबी भरून सगळं सारखं करून टाकलेलं. त्याने अंगठा दाबला. लांबी अजून ओली होती, अंगठ्याचा खड्डा पडला. त्याने त्या खड्ड्यावरून पुन्हा बोट फिरवलं आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण एका गंजक्या खिळ्यासाठी अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने भिंत चाचपत राहावं असं त्यात होतं काय? लोटन फरशी पुसत होता. बारा वर्षं हा लोटन टॉवरवर रोजंदारीने राबतोय, चहा त्याचा, झाडू त्याचा, पूजाही त्याचीच. प्रेमराजने विचारलं, खिळा कोणी काढला. लोटनने फडकं पिळलं, पुन्हा बादलीत बुडवलं आणि वर न बघता म्हणाला, "मीच काढला साहेब. रिकामाच होता."

रिकामाच होता. म्हणजे बोलायचं ते बोलून झालं आणि पुसायचं ते पुसून झालं. प्रेमराज खुर्चीत बसला. समोर काचेपलीकडे धावपट्टी पसरलेली, पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवेच्या डाव्या हाताला असलेली, माघ संपत आलेला, दोन्ही बाजूंचं गवत वाळून पिवळं झालेलं. कोणी कापलेलं नव्हतं. आज दुपारी बाराला हा टॉवर बंद होणार होता. बंद म्हणायचं नाही, ‘हस्तांतरित’ म्हणायचं. धावपट्टीच्या कडेला नवा उंच खांब उभा राहिला होता, त्याच्या डोक्यावर सात कॅमेरे, आणि दूरच्या एका शहरात, एसी हॉलमध्ये, बारानंतर कोणीतरी पोरगं पडद्यावर हा माळ बघणार होतं. हा आणि असे आणखी तीन. देशभरची हवाई वाहतूक सुधारायला निघालेल्या समितीने हे ठरवलं होतं. छोट्या धावपट्ट्यांवर माणसं कशाला ठेवायची, विमानांच्या नोंदी लिहायच्या कागदाच्या स्ट्रिप कशाला, दुर्बिणी कशाला. प्रेमराजला ‘सुधारणा’ हा शब्द ऐकला की दाताखाली खडा यायचा. गेले तीस दिवस चाचणी चालू होती. तो बोलायचा, हॉलमधलं पोरगंही बोलायचं, दोघांचं जुळतं का ते यंत्र टिपायचं. जुळत होतं. एकदाही चुकलं नाही, आणि त्यासाठीच तो त्याचा जास्त दुस्वास करत होता. चुकलं असतं तर माफ तरी करता आलं असतं. आज त्याने एका कागदावर सही करायची, मग धुळ्याच्या कार्यालयात चौदा महिने फायली हलवायच्या, मग स्वच्छ कारकीर्द आणि पूर्ण पेन्शन. नूतनने, म्हणजे त्याच्या बायकोने, देवपूरच्या घराला वरचा मजला चढवायचं ठरवूनही टाकलं होतं. बायको खूश, खातं खूश, आणि हा इथे ओल्या लांबीत अंगठा घालून बसलेला.

खिळा त्याने स्वतः ठोकला होता. एकोणीस वर्षांपूर्वी बदली होऊन तो आला तेव्हा धावपट्टीच्या आत कोण आहे आणि कोण नाही याचा काही मेळच नसायचा. पलीकडच्या पिंपळखेड्याच्या बाया पावसाळ्यानंतर गवत कापायला आत यायच्या. गवत वाढलं की ससे, सशांमागे कुत्री, आणि कुत्री धावपट्टीवर. म्हणून गवत कापायला बाया हव्यात, बायांना गुरांसाठी गवत हवं, आणि वैमानिकांच्या शाळेची शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालणार. प्रेमराजने पितळेचा बिल्ला करून घेतला, तळहाताएवढा, त्यावर ‘१’ कोरलेला. आत जाताना बायांच्या मुकादमीणीने बिल्ला टॉवरवर आणून द्यायचा, तो त्याने डोळ्यांसमोर खिळ्याला टांगायचा. बिल्ला खिळ्यावर आहे तोवर कोणाला उतरू द्यायचं नाही, उडू द्यायचं नाही. काम संपलं की मुकादमीण येऊन बिल्ला नेणार. बस्स. ही अक्कल त्याला फैजपूरच्या घरातून मिळाली होती. केळीच्या बागेत ऐंशी फूट खोल विहीर होती. त्याचे वडील, जीवराम नाना, विहिरीत गाळ काढायला उतरायचे तेव्हा मोटारीच्या खोलीची किल्ली करगोट्याला बांधून खाली न्यायचे. दाराशेजारचा खिळा रिकामा दिसला की घरातल्या कोणालाही कळायचं, माणूस खाली आहे, बटणाला हात लावायचा नाही. त्याची आई भिकुबाई तर रिकाम्या खिळ्यासमोरून जाताना पदर सावरायची, देवळासमोरून जावं तशी. प्रेमराजने तेच इथे आणलं आणि साहेबलोकांकडून पाठ थोपटून घेतली. फक्त आणताना उलटं करून आणलं. नानांच्या घरी रिकामा खिळा म्हणजे थांबा. याच्या टॉवरवर रिकामा खिळा म्हणजे या.

हे त्याला एकोणीस वर्षांत कधी सुचलं नाही आणि त्या ऋतिकाने दोन ओळींत लिहून टाकलं. ऋतिका धुळ्याचीच, समितीची इंजिनिअर, तिशीही न गाठलेली, जिना चढून आली की आधी ‘नमस्कार काका’ म्हणायची आणि मग खुशाल त्याच्या आयुष्याची मापं काढायला बसायची. तिच्या अहवालात होतं: ‘रिकाम्या खिळ्याचे दोन अर्थ होतात. धावपट्टी मोकळी आहे, किंवा बिल्ला लावायचा राहिला आहे. पाहणाऱ्याला फरक कळत नाही.’ त्याने ते वाचलं आणि कान तापले. पोरीने केळीची बाग पाहिली नसेल, विहीर पाहिली नसेल, आणि बरोब्बर नानांच्या करगोट्याला हात घातला होता. पण त्याच्या खालचं वाक्य त्याला खरं जाळत होतं. ‘मजुरांनी बिल्ला जमा न करताच प्रवेश केल्याची घटना लक्षात घेता, स्थानिक मजुरांवर अवलंबून असलेली कोणतीही पद्धत सुरक्षित मानता येणार नाही.’ हे वाक्य ऋतिकाचं नव्हतं. ते तिने जुन्या चौकशीतून उचललं होतं, आणि जुन्या चौकशीत ते प्रेमराजने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट, खंडेनवमीचा दिवस होता. लोटनने सकाळीच पाट मांडला होता, त्यावर दुर्बीण, सिग्नलचा दिवा, जादाचा माईक, अगदी स्ट्रिप कापायची कात्रीसुद्धा. झेंडूची फुलं, नारळ, उदबत्ती. खात्यात वरून कोणी आलं की असलं काही दाखवायचं नाही, पण दरवर्षी करायचं, कारण ज्याच्यावर आपण जगतो त्याला एक दिवस फूल वाहायचं असतं. तेवढ्यात धुरपदाबाई वर आली. पिंपळखेड्याची मुकादमीण, पन्नाशीची, चपला नेहमी खालच्या पायरीवर काढून यायची. बिल्ला त्याच्या हातात दिला, म्हणाली, आठ जनी शेतस सायेब, अन् पाटाला हात जोडून उतरून गेली. लोटन म्हणाला, साहेब, बिल्ल्यालाही लावू का हळदकुंकू, एवढी वर्षं राखतोय आपल्याला. प्रेमराजला बरं वाटलं. त्याने बिल्ला पाटावर ठेवला. आरती झाली की खिळ्याला लावू, पाच मिनिटांचा तर प्रश्न. लोटनने हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नारळ फोडला. नारळ गोड निघाला, दोघांनी खोबरं खाल्लं, हसले. तोंडात खोबरं असतानाच माईकवर शिकाऊ मुलीचा आवाज आला, उतरायला येतेय. प्रेमराजने मान वळवली. खिळा रिकामा. पलीकडच्या टोकाला सूर्य डोळ्यांवर, गवत कमरेएवढं, एकोणीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप माईककडे गेला आणि त्याने सांगितलं, धावपट्टी मोकळी आहे, उतरा.

त्या पोरीचे डोळे चांगले म्हणून. तिने शेवटच्या क्षणी विमान वर ओढलं. डोक्यावर भारे घेऊन धावपट्टी ओलांडणाऱ्या आठ बायांच्या वरून ते गेलं, सात जणी आडव्या पडल्या, आणि सगळ्यात मागे चाललेली धुरपदाबाई भाऱ्यासकट डांबरावर आपटली. डावा हात कोपरात मोडला. प्रेमराज जीपने निघाला तेव्हा त्याने पाटावरचा बिल्ला खिशात टाकला. का टाकला? त्याने स्वतःला शंभरदा विचारलंय. तेव्हा काहीही ठरवलेलं नव्हतं, हे त्याचं आवडतं उत्तर. पण त्याच्या पँटच्या खिशाला हळद लागली होती आणि हाताला माहीत होतं. तिला उचलताना, सगळे ओरडत असताना, सुरक्षेचा माणूस पाणी आणायला वळलेला असताना, त्याच हाताने बिल्ला तिच्या गवताच्या भाऱ्यात खुपसला. आणि मग त्याने मोठ्याने विचारलं, बिल्ला कुठे आहे? भारा सोडवला गेला. बिल्ला निघाला. धुरपदाबाई दुखण्याने अर्धी मेलेली, पण तिने तो बिल्ला बघितला, त्यावरचं कुंकू बघितलं, आणि नंतर त्याच्याकडे बघितलं. पुढे चौकशीत बोलली असेल. तिचं बोलणं कोणी लिहून घेतलं नाही. बिल्लाही ‘मजुराकडे’ असा शेरा मारून तिच्याकडेच राहिला, परत कोणी मागितला नाही. गवताचा ठेका रद्द झाला, यंत्राने कापायची निविदा निघाली, यंत्र अजून आलंच नाही. आठ घरांची गुरं चाऱ्याला मोताद झाली आणि गावाने त्याचा राग धुरपदाबाईवर काढला. तूच विसरलीस, तुझ्यामुळे गेलं. तिच्या सख्ख्या जावेने, मंदाबाईने, तिच्याशी बोलणं टाकलं, असं लोटन कोणाला तरी सांगत असताना प्रेमराजने जिन्यात ऐकलं होतं आणि पावलं न वाजवता तसाच वर आला होता.

साडेअकराला समिती वर आली. काचघरात आठ माणसं म्हणजे गर्दीच. अध्यक्ष दिल्लीहून आलेले, मऊ बोलणारे, सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवणारे. त्यांनी प्रेमराजच्याही खांद्यावर ठेवला आणि त्याला तो झटकून टाकावासा वाटला. ऋतिका यादी वाचत होती. जुनं सामान मुख्यालयात काचेच्या कपाटात मांडायचं होतं, म्हणून दुर्बीण एक, सिग्नलचा दिवा एक, स्ट्रिपचा फळा एक. मग ती थांबली आणि म्हणाली, पितळी बिल्ला एक, शेरा ‘मजुराकडे’, तो मी मागवलाय. प्रेमराजच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मागवलाय म्हणजे? म्हणजे गावात निरोप दिला, काका, जुन्या नोंदीत वस्तू अडकून राहायला नको. बघा आता. एवढी चौकशी होऊन जे कोणाला दिसलं नाही ते या पोरीच्या यादीतल्या एका रिकाम्या चौकटीने जिना चढवून आणलं. खरंच पावलं वाजली. धुरपदाबाई आली. चपला खालीच काढलेल्या. डावा हात कोपरापासून वाकडा, बाहेरच्या बाजूला गेलेला. तिने पदराची गाठ दातांनी सोडली आणि बिल्ला ऋतिकासमोर टेबलावर ठेवला.

ऋतिकाने तो उचलला, उजेडात धरला. पितळ काळं पडलं होतं, पण कोरलेल्या आकड्याच्या खाचेत काहीतरी पिवळं आणि लाल बसलं होतं. ही हळद का, तिने सहज विचारलं. काचघरात कोणालाच त्यात काही वाटलं नाही. लोटन दाराशी ट्रे घेऊन उभा होता, त्याच्या ट्रेमधले कप वाजले. धुरपदाबाई ऋतिकाकडेच बघून म्हणाली, "खंडेनवमीनी हळद शे ती. मन्हा घरनी नही. बिल्ला मी यासना हातमा दिधा व्हता." आणि मग तिने प्रेमराजकडे पाहिलं. तसंच, डांबरावर पाहिलं होतं तसं. तिच्या डोळ्यांत दयामाया नव्हती, मागणं नव्हतं. प्रेमराजला वाटलं की आपण नानांच्या विहिरीत आहोत, कमरेइतक्या गाळात, आणि वर कोणीतरी खिळ्याकडे बघतंय. पेन्शन, वरचा मजला, नूतनचा चेहरा, चौदा महिने, सगळं एकावर एक येऊन गेलं. त्याला धुरपदाबाईचा भयंकर राग आला. पाच महिने बिल्ला घासून का ठेवला नाही हिने? राख घेऊन दोनदा चोळला असता तर गेलं असतं सगळं. आणि हे मनात आल्याबरोबर त्याला स्वतःची अशी शिसारी आली की तोंड उघडलं गेलं.

त्याने सगळं सांगितलं. पाट, खोबरं, खिसा, भारा. सांगताना आवाज कोरडा होता, माईकवर हवा सांगावी तसा. लोटनने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाला, हळद मी लावली होती, साहेब खरं बोलताहेत. प्रेमराज वाट बघत होता. आता काहीतरी कोसळेल, कोणीतरी कॉलर धरेल. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मऊ आवाजात म्हणाले की हे ऐकून वाईट वाटलं, पण अहवाल वर गेलाय, मंजूर झालाय. आणि तसं पाहिलं तर निष्कर्ष बदलत नाही. बाई चुकली काय किंवा तुम्ही चुकलात काय, माणूसच चुकला ना? मग पुढे त्याच मऊपणाने म्हणाले की तुमचे चौदा महिने राहिलेत, मी हे ऐकलं नाही असं समजतो, सही करा. ऋतिका लाल झाली होती. ती म्हणाली, सर, त्या वाक्यात मजुरांचं नाव आहे, ते मी लिहिलंय, मला ते बदलायला हवं. काकांनी लेखी दिलं तर मी स्वतंत्र पाठवते. अध्यक्ष म्हणाले, पाठवा, पण त्याचं जे व्हायचं ते भारंबेंचं होईल, प्रकल्पाचं काही होणार नाही. प्रेमराजने फळ्यावरची एक कोरी स्ट्रिप ओढली. हस्तांतराच्या कागदावर सही केली, आणि स्ट्रिपवर तारीख, वेळ टाकून लिहिलं की बिल्ला जमा झाला होता, तो माझ्याकडे होता, भाऱ्यात मी ठेवला. खाली नाव. ऋतिकाने ती दोन्ही हातांनी घेतली. बारा वाजले. माईकवरून हॉलमधल्या पोराचा आवाज आला की ताबा आमच्याकडे आला, धन्यवाद. अध्यक्ष म्हणाले, चला भारंबे, आता तुम्ही मोकळे.

धुरपदाबाई हलली नव्हती. त्या स्ट्रिपकडे तिने पाहिलंही नाही. तिने टेबलावरचा बिल्ला उचलून पुन्हा मुठीत घेतला, आणि ऋतिकाने तो जाऊ दिला. यादीत मात्र ‘मिळाला’ अशी खूण केली, प्रेमराजने पाहिलं. "आठे सांगीसन काय व्हस?" धुरपदाबाई म्हणाली. "गावमा चाला. बठ्ठ्यासना समोर सांगा."

नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं. एरवी ड्यूटी असती. एकोणीस वर्षं ड्यूटीचं कारण देऊन तो लग्नं, मयती, भांडणं सगळं चुकवत आला होता आणि आता पाठीमागे मोकळा माळ होता. जिना उतरताना तिने चपला घातल्या, तो थांबला. गाडीत ती मागे बसली. कुंपणाला वळसा घालून पिंपळखेडं सहा किलोमीटर. वाळलेलं गवत सबंध वाट शेजारून चाललेलं, आणि पलीकडून बाया लांबच्या बांधांवरून गोळा केलेला दादर ज्वारीचा कडबा डोक्यावर घेऊन येत होत्या. पाण्याच्या टाकीजवळ तिने गाडी थांबवायला लावली आणि हाका मारल्या. बाया आल्या, पण तिच्यासाठी नाही, गाडीसाठी आल्या. मंदाबाई सगळ्यांच्या मागे, तोंड फिरवून उभी राहिली. प्रेमराज म्हणाला की त्या दिवशी थोडी चूक झाली. धुरपदाबाईने विचारलं, कोणाची. तो म्हणाला की एकूण व्यवस्थाच तशी होती, खिळा, सूर्य. तिने पुन्हा तेवढंच विचारलं. त्याने बघितलं तर तिचा चेहरा दगडासारखा.

"माझी," तो म्हणाला. "बिल्ला हिने मला दिला होता. मी तो टांगला नाही. आणि मग चोरासारखा हिच्याच भाऱ्यात घातला."

कोणी ओरडलं नाही. त्याला शिव्या हव्या होत्या, त्याही मिळाल्या नाहीत. मंदाबाई पुढे आली. जावेकडे तिने पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहिलं आणि अगदी सरळ विचारलं, "मंग आते आमले गवत कापू देतीन का?" प्रेमराजने मान वर केली. इथूनही तो खांब दिसत होता. आता तिथे जाऊन विचारावं असं कोणी नव्हतं, त्याचं नाव तिथे कोणाला माहीत नव्हतं, आणि बाया आत घ्यायच्या नाहीत हे मंजूर झालेलं होतं. त्याने खरं तेच सांगितलं. नाही म्हणाला. मंदाबाईने मान हलवली, कडब्याचा भारा उचलला, आणि बाकीच्याही एकेक करत गेल्या. जाताना एकीने धुरपदाबाईच्या चांगल्या हाताला नुसता हात लावला.

दोघंच राहिली. धुरपदाबाईने मूठ उघडून बिल्ला त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, राहू द्या तुमच्याकडे, तुमचाच आहे. तिने तो त्याच्या शर्टच्या खिशात घातला, तिच्या भाऱ्यात त्याने घातला होता तसाच, खुपसून. "घरमा एक खिळा ठोका," ती म्हणाली. "त्यावर टांगा अन् रोज देखा." मग ती टाकीच्या नळाशी गेली आणि मुठीच्या घामाने सुटून हाताला लागलेली हळद धुवायला लागली.